टरफलं

रत्नागिरीहून रात्री निघालेला इक्बाल सोलकरचा टेम्पो
आंबा घाट चढून कोल्हापुरात मासळी उतरवतो
आणि उजाडता उजाडता नांदणीच्या फाट्यावर येतो.
गावात येत नाही.
"मठाचं गाव तुमचं, गाडीला वास आहे," म्हणतो
आणि चिंचेखाली सहा पोती टाकतो:
खेकड्यांच्या पाठी, कोळंबीची टरफलं,
कारखान्यात सोलून उरलेलं
समुद्राचं उष्टं.

आण्णा पोत्याला हात लावत नाहीत.
पाणी गाळून पिणारा माणूस,
दिवस मावळायच्या आत ताट धुऊन ठेवणारा.
गेल्या साली टोमॅटोचं रोप उपसलं
तर मुळांवर गाठीच गाठी,
जपमाळेसारख्या, फक्त मणी वेडेवाकडे.
सूत्रकृमी, मी म्हटलं. डोळ्याला दिसत नाहीत.
"न दिसणाऱ्याचंच पाप जास्त लागतं," आण्णा म्हणाले.

तरी सात वर्षं तेच टाकत होते
दाणेदार औषध,
तोंडाला टॉवेल बांधून, मागं वळून न बघता.
कृमी जायचे दोन महिने.
गांडुळं गेली ती गेलीच.
नांगरामागं येणारे बगळे
आता शीतल चौगुल्याच्या रानात उतरतात,
आमच्यावरून नुसते पलीकडं जातात.

पोती बघून पहिलं काय बोलले असतील?
धर्माचं नाही.
"मीठ आधीच लई हाय आपल्या रानात."
खरं होतं. खालचा तुकडा उन्हाळ्यात पांढरा पडतो,
चपलेला चिकटतो.
म्हणून मी टरफलं चार पाण्यांनी धुतली बॅरलमध्ये
आणि ते पाणी कुठं ओतावं
म्हणून बॅरलपाशीच उभी राहिले, बराच वेळ.

वाळवली. चक्कीवाल्यानं दळून द्यायला नकार दिला.
मग आईनं जुना उखळ काढला,
"परत घरात आणायचा नाही," एवढंच म्हणाली,
आणि पदर नाकाला लावून
माझ्याआधी कांडायला बसली.

रात्री सोप्यावर आण्णांनी विचारलं,
"म्हणजे हे खाऊन कृमी मरतात?"
नाही. हे मातीतले बारके जीव खातात.
त्यांना ह्या कवचाची चटक लागते,
वाढतात, आणखी शोधतात,
आणि कृमीच्या अंड्याचं कवच
जवळजवळ ह्याच वस्तूचं असतं.
आण्णा गप्प.
"मग मारतंय कोण?"
मला कॉलेजात हे कुणी विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, जेवतायत.
ते म्हणाले, "व्हय, जेवतायत.
पर ताट कुणी वाढलं?"

लावणीआधी सहा आठवडे रानात मिसळलं.
कुत्री आली. चौगुल्याची म्हैस बुजली.
शेजारपाजार आठ दिवस दारं लावून बसला,
आणि मठातून कुणी काही विचारलं नाही
हे मला जास्त टोचलं.

वरच्या वाफ्यातली मुळं ह्या साली
बऱ्यापैकी पांढरी निघाली.
गाठी आहेत, मोजता येतील एवढ्या.
खालच्या तुकड्यात काही फरक नाही,
तिथं काय चुकलं मला अजून कळलेलं नाही.
एका ढेकळाखाली एक गांडूळ दिसलं,
मी आण्णांना हाक मारली, ते येईपर्यंत आत गेलं.

पर्युषण संपल्यावर, क्षमावाणीच्या दिवशी,
घरोघर जाऊन आल्यावर
आण्णा पायताण बांधावर काढून रानात उतरले.
हात जोडले. उत्तम क्षमा.
कुणाला, ते सांगितलं नाही.
कृम्यांना असेल, खेकड्यांना असेल,
सात वर्षांच्या गांडुळांना असेल.
मग माझ्याकडं न बघता म्हणाले,
"त्या सोलकरला फाट्यावर चहा तरी देतीस काय?
घाट चढून येतोय बिचारा."